काळी एकचा खर्ज आणि टेबलावरचे स्पीकर

बाबांच्या कॅसेटी संगणकावर उतरवायला घेतल्या आणि स्पीकरचा प्रश्न उभा राहिला. तोवर टेबलावर एक २.१ संच होता. दोन्ही बाजूंना मुठीएवढे दोन स्पीकर, टेबलाखाली वूफरचा खोका. ऑफिसच्या मीटिंगा, बातम्या, एखादा सिनेमा, एवढ्याला तो पुरायचा. कॅसेटींमधला ऐवज मात्र वेगळा होता. ऐंशीच्या दशकातल्या घरगुती बैठका, आकाशवाणीवरून टेप केलेलं गायन आणि बाबांचा स्वतःचा रियाज. पहिली कॅसेट लावली, बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. भूप रागाचा आलाप सुरू झाला आणि थोड्याच वेळात ते म्हणाले, "अगं, हा माणूस मध्य सप्तकात टेबलावर बसून गातोय आणि मंद्रात उतरला की टेबलाखाली जातोय."

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, आणि त्याचं कारण शोधताना मला स्पीकर निवडायची दिशा सापडली.

काळी एकचा, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' मानून गाणाऱ्याचा, मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर येतो. त्याचा मंद्र षड्ज, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार, त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. मध्य गंधार १७३, पंचम २०८. आता २.१ संचातले टेबलावरचे स्पीकर अडीच-तीन इंचांचे. एवढीशी थाळी खालचे स्वर हलवू शकत नाही, म्हणून १५० ते २०० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी काम वाटून दिलेलं असतं. त्याच्या खालचं सगळं खोक्याकडे, वरचं टेबलाकडे. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या बाबतीत ही वाटणी बरोबर रिषभ-गंधार-पंचमाच्या टापूत पडते. षड्जाचा मूळ भार खालून येतो, त्याचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे चढे सूर, टेबलावरून येतात आणि पंचमापासून पुढे सगळा गळा टेबलावर. गाणाऱ्याचा गळा अशा रीतीने मधोमध चिरला जातो. घरगुती सिनेमाच्या टीएचएक्स मानकात ही वाटणी ८० हर्ट्झवर ठेवतात, कारण त्याच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही. १५० वर मात्र कानाला चांगलंच कळतं. बाबांना कळलंच की.

त्यामुळे माझी अट एका वाक्यात ठरली. ७० हर्ट्झपासून वरचा सगळा गळा एकाच जागेहून आला पाहिजे. वूफरचा वेगळा खोका नको. दोनच स्पीकर हवेत, आणि त्यांनी खर्ज स्वतः पेलला पाहिजे.

खर्जाबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. मोबाइलच्या स्पीकरवरसुद्धा आपल्याला तंबोरा लागलेला कळतो, षड्ज ओळखता येतो. तो स्पीकर ६९ हर्ट्झ वाजवत नसतोच. पण १३९, २०८, २७७ असे त्याचे स्वरांश येत राहतात आणि मेंदू त्यांच्यावरून हरवलेला मूळ स्वर भरून काढतो. म्हणून छोट्या स्पीकरवर सूर कळतो, पण तंबोऱ्याचं अंग जाणवत नाही. डग्ग्याचं तर याहून वाईट होतं. डग्ग्यावर तळहाताची टाच दाबून सरकवली की नाद वर चढतो, गमक निघते, नाद बोलायला लागतो. आमच्या जुन्या संचावर ती सगळी हालचाल 'धब्, धब्' अशा एकाच ठोक्यात विरून जायची. खोक्याची स्वतःची एक घुमण्याची जागा असते आणि त्या जागेच्या जवळ आलेला प्रत्येक स्वर तो स्वतःच्याच सुरात म्हणतो. संगणकाचे बरेचसे स्पीकर स्फोट आणि ढोल दणदणीत वाजावेत म्हणून बनवलेले असतात. तिथे हे खपतं. बायाँ, म्हणजे डग्गा, ऐकायला ते चालत नाही.

खरेदीला निघण्याआधी मी ऐकायचं साहित्य तयार केलं. सगळ्या प्रक्रियेत हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आमच्याकडे मिरजेचा तंबोरा आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरी तो बाबांच्या तरुणपणापासून आहे. पंढरपूरकडचा भोपळा, तुणाचं लाकूड, जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा घासलेला उतार, दर काही वर्षांनी काढून घेतलेली. एका स्टुडिओत काम करणाऱ्या मैत्रिणीचा हातात मावणारा रेकॉर्डर मागून आणला, तंबोरा काळी एकला लावला आणि बसायच्या जागेपासून हातभर अंतरावर तो रेकॉर्डर ठेवून काही मिनिटं नुसता तंबोरा ध्वनिमुद्रित केला. मग काळी चारला लावून पुन्हा. मी स्वतः काळी चारमध्ये गाते. मोबाइलवर हे जमत नाही, कारण बहुतेक मोबाइल आवाजाची पातळी आपणहून वरखाली करत राहतात आणि तारेचा आस संपत येतो तिथे नेमका आवाज फुगवतात. दोन्ही फायली न दाबता, वेव्ह स्वरूपात पेन ड्राइव्हवर घेतल्या. सोबत बाबांच्या कॅसेटींतला भूपाचा एक तुकडा, एक तबला सोलो आणि मराठी बोलणाऱ्या माणसाचं ध्वनिमुद्रण. ओळखीच्या माणसाचं बोलणं ऐकताना कान फसत नाही. आवाज नाकात गेला किंवा छातीत अडकला तर लगेच कळतं.

तंबोरा निवडला त्याला कारण आहे. जवारीमुळे एकाच तारेतून स्वरांशांची लांबलचक रांग निघते. खाली ६९ हर्ट्झपासून वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत. सी. व्ही. रामन यांनी १९२०-२१ च्या सुमारास तबला आणि तंबोरा या दोन्हींवर लिहिलं होतं. तबल्यावरच्या शाईमुळे त्याचे स्वरांश सुरेल पटींत कसे येतात आणि तंबोऱ्याच्या घोडीमुळे तारेत एरवी उमटू नयेत असे स्वरांशही कसे उमटतात, हे त्यांनी दाखवलं. स्पीकर पारखायला इतकं नेमकं साधन दुसरं मला माहीत नाही. स्पीकरमध्ये जिथे खड्डा असेल तिथले स्वरांश गायब होतात, जिथे उंचवटा असेल तिथले टोचतात. वाईट स्पीकरवर जवारीची नुसती सळसळ होते. चांगल्यावर तार सुटल्यावर स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार हळूहळू उमलताना ऐकू येतो. आणि घरी आल्यावर खरा तंबोरा त्याच खोलीत वाजवून दोन्हींची तुलना करता येते.

पुण्यात असल्या खरेदीची सुरुवात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून होते. तिथे सुटे स्पीकर इंचांवर मिळतात, अ‍ॅम्प्लिफायरचे तयार बोर्ड मिळतात, वायरी मीटरवर मिळतात. एका दुकानदाराने टीपीए ३११६ या चिपचा, तळहातात मावेल एवढा बोर्ड काउंटरवर ठेवला आणि सांगितलं, "ताई, हा घ्या, पन्नास-पन्नास वॅट, घर हलेल." चिप खरोखर चांगली आहे आणि २१ व्होल्टचा पुरवठा आणि ४ ओहमचे स्पीकर असले तर तेवढी ताकद देण्यासाठीच ती बनवलेली आहे. पण मला घर हलवायचं नव्हतं, आणि वॅटचा हिशोब मी आधीच करून ठेवला होता.

तो हिशोब असा. साध्या बुकशेल्फ स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल धरली तर १ वॅट दिल्यावर १ मीटरवर तेवढा आवाज येतो. टेबलापाशी आपण ७० सेंटिमीटरवर बसतो, तिथे तो ८९ होतो. घरात निवांत ऐकायची पातळी ७५ डेसिबलच्या आसपास. म्हणजे सरासरी गरज एका वॅटच्या पंचविसाव्या भागाची. तबल्याची थाप अचानक २० डेसिबलने उसळली तरी ४ वॅट पुरतात. खोक्यावर लिहिलेले पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारो वॅट या हिशोबात कुठेच बसत नाहीत, कारण तो आकडा मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, वॅट तेवढे बघावेत, आणि टेबलासाठी तेही फार बघू नयेत. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलची पातळी आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानते. घरून काम करणाऱ्याचे कान दिवसभर कशात ना कशात असतात, म्हणून ही मर्यादा मी गांभीर्याने घेते.

त्या गल्लीत एक अडचण होती. दाखवणारा प्रत्येक जण ब्लूटूथ जोडून, बास आणि ट्रेबल पूर्ण वर करून, स्वतःचं गाणं लावायचा. मी प्रत्येक ठिकाणी वायर मागितली, दोन्ही खुंट्या मध्यावर आणायला लावल्या आणि तंबोरा लावला. एक-दोघांनी विचारलं, "मॅडम, गाणं कधी सुरू होणार?" पण एका वयस्कर दुकानदाराने स्वतःहून पंखा बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्याबरोबर डोळे मिटून ऐकलं. त्याच्याकडचा ४ इंची वूफरचा, लाकडी खोक्यातला एडिफायर आर १२८० टी मला मनापासून आवडला. ४२ वॅट आरएमएस, साधी मांडणी, बोलण्याचा आवाज अगदी नैसर्गिक. काळी चारचा तंबोरा त्यावर छान भरला, कारण काळी चारचा खर्ज १०४ हर्ट्झवर असतो. काळी एकला तो खर्ज बराच बारीक झाला. ज्यांच्या घरी मुख्यतः स्त्रियांचं गायन, भावगीतं आणि बातम्या ऐकल्या जातात त्यांनी तो जरूर ऐकावा. बाबांच्या कॅसेटींसाठी मला आणखी अर्ध्या सप्तकाची खोली हवी होती.

तिथून मी वाद्यं आणि स्टुडिओचं सामान विकणाऱ्या दुकानाकडे वळले. स्टुडिओ मॉनिटर हे नाव ऐकून लोक बिचकतात, पण टेबलावर ठेवून, हाताच्या अंतरावरून ऐकायलाच ते घडवलेले असतात. बहुतेकांत प्रत्येक स्पीकरच्या पोटात स्वतःचे दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक खालचे स्वर वाजवणाऱ्या वूफरला आणि एक वरचे स्वर वाजवणाऱ्या ट्वीटरला. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. तिथे प्रीसोनस एरिस ई ३.५ आणि यामाहा एचएस ५ शेजारी शेजारी ऐकले. एरिस ८० हर्ट्झपर्यंत उतरतो असं कागदावर आहे, आणि साडेतीन इंचांच्या मानाने त्याचं मधलं अंग फारच स्वच्छ वाटलं. लहान टेबल असेल तर मी तोच सुचवेन. एचएस ५ चा वूफर ५ इंची. कागदावर तो ५४ हर्ट्झपासून, पण तिथे आवाज १० डेसिबलने खाली आलेला असतो. ३ डेसिबलची उतरण धरली तर ७४ हर्ट्झ. हे दोन आकडे वेगळे वाचायला हवेत. एका कंपनीचा ५० आणि दुसऱ्या कंपनीचा ७० यांची तुलना कशी करायची ते या डेसिबलच्या उतरणीवर ठरतं, आणि पुष्कळ पत्रकांवर ती छापलेलीच नसते. काळी एकचा ६९ चा खर्ज ७४ च्या किंचित खाली, म्हणजे थोडा हलका पण शाबूत.

दुकानात एचएस ५ वर तबला सोलो लावला तेव्हा बाबा बरोबर होते. डग्ग्यावर टाच सरकवून काढलेली घीस वर चढत गेली आणि त्यांनी काही न बोलता मांडीवर ठेका धरला. त्यांना विचारायची गरजच उरली नाही, एचएस ५ घ्यायचे ठरले. ठरवलेल्या रकमेपेक्षा खर्च वर गेला. पण हे कान आणखी काही वर्षं साथ देणार आहेत आणि कॅसेटी तेवढ्या टिकणार नाहीत, हे दिसत असताना मला तो योग्य वाटला.

घेण्याआधी आणखी एक गोष्ट तपासली. स्पीकर चालू, पण गाणं बंद, आणि कान ट्वीटरपाशी. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या प्रत्येक स्पीकरमधून हलकी 'सी' ऐकू येते. ती बसायच्या अंतरावर विरून जायला हवी. स्टुडिओत दोन मीटरवर ती कुणाला कळत नाही, घरी रात्री अकरा वाजता साठ-सत्तर सेंटिमीटरवर कळते. जुन्या कॅसेटीत फितीची सरसर आधीच असते. त्यात स्पीकरची भर नको.

कॅसेट डेकमधून आवाज आत घ्यायला आणि स्पीकरकडे बाहेर सोडायला एक ऑडिओ इंटरफेस लागणार होता. फोकसराइटचा स्कारलेट टू-आय-टू घेतला. दोन वाटा आत, दोन बाहेर, २४ बिट. सीडीच्या १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि कॅसेटचा पल्ला त्याहून कितीतरी कमी असतो. पण उतरवून घेताना पातळी थोडी खाली ठेवता यावी, थाप फाटू नये, यासाठी २४ बिट उपयोगी पडतात. नुसतं ऐकायचं असेल तर संगणकाच्या हेडफोनच्या भोकातूनही काम भागतं, आणि आजकालच्या मदरबोर्डवरची ध्वनीची चिप वाईट नसते.

वाईट असते ती गुणगुण. जुन्या संचाला लॅपटॉपचा चार्जर लावला की एक बारीक हूं सुरू व्हायची. माउस हलवला की त्यात किरकिर मिसळायची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि तिची घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येते. माझा काळी चारचा खर्ज १०४. म्हणजे मी रियाजाला तंबोरा लावला की खोलीत षड्जाच्या किंचित खाली, सतत, एक बेसूर तार वाजत राहायची. ज्याला गाणं करायचं नाही त्याला हे क्षुल्लक वाटेल. मला त्याने अक्षरशः रडू यायचं.

गुणगुणीचं मूळ हे की संगणक आणि स्पीकर दोघेही आपापल्या थ्री-पिनमधून अर्थिंगला जोडलेले असतात, वर ऑडिओच्या वायरची जाळीही त्यांना जोडते. असं एक वर्तुळ पूर्ण होतं आणि त्यातून विजेची घरघर आवाजाच्या वाटेत शिरते. यावर एका ठिकाणी मला सल्ला मिळाला की स्पीकरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. हे कुणीही, कधीही करू नये. ती पिन जीव वाचवायला असते. खरा उपाय बॅलन्स्ड वायर. तिच्यात एकच आवाज दोन तारांतून उलट-सुलट जातो, वाटेत शिरलेली घरघर दोन्हींत सारखीच असते, आणि पलीकडे वजाबाकीत ती निघून जाते. इंटरफेसपासून मॉनिटरपर्यंत अशा दोन वायरी टाकल्या आणि गुणगुण थांबली. त्याच निमित्ताने वायरमनला बोलावून घराची अर्थिंगही तपासून घेतली. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर स्पीकर चालवायचे असतील तर साइन वेव्हवाला इन्व्हर्टर हवा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर स्पीकरमधून भुणभुण येऊ शकते, आणि तो दोष स्पीकरचा नसतो.

स्पीकर घरी आले. टेबल खिडकीखाली, १० फुटी भिंतीच्या बरोबर मधोमध होतं, तिथेच मांडले. भूप लावला. पहिल्याच आलापात गायक 'सा, ध, सा' करत मंद्र धैवतावर आला आणि तो धैवत खोलीभर फुगला. षड्ज जागेवर, पंचम जागेवर, पण मंद्र धैवत आला की जणू दुसऱ्याच कुणीतरी त्यात आवाज मिसळावा. हेडफोनवर तोच आलाप सपाट, समतोल. मग हा धैवत कुणाचा?

खोलीचा. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची लहर अडकते आणि ठरावीक स्वरांना फुगवते. ते स्वर काढायला मोजपट्टी आणि भागाकार पुरतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याच्या निम्मे धरा साधारण १७२, आणि त्याला भिंतींमधल्या मीटरच्या अंतराने भागा. तो पहिला स्वर, त्याची दुप्पट दुसरा. आमची खोली १२ बाय १०, उंची साडेनऊ फूट. १० फुटांचे ३.०५ मीटर, म्हणजे ५६ आणि ११२ हर्ट्झ. साडेनऊ फुटांचे २.९ मीटर, म्हणजे ५९ आणि ११८. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी, म्हणून ११२ आणि ११८ एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसले. काळी एकचा मंद्र धैवत ११५.५. बरोबर दोघांच्या मधे.

हे गणित कागदावर जुळलं तेव्हा मी बाबांना हाक मारली. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं या खोलीत रियाज करताना धैवत जड लागतो म्हणून आवाज चोरत होतो, तो या भिंतींमुळे."

काळी चारच्या माझ्या रियाजात हे कधीच जाणवलं नव्हतं, कारण माझा मंद्र धैवत १७३ वर. तीच खोली, तोच धैवत, पण पट्टी बदलली की दोष नाहीसा.

मैत्रिणीकडून मोजमापाचा मायक्रोफोन आणला आणि रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरवर खोली मोजली. आलेखात त्याच जागी टेकाड दिसलं. मग टेबल हलवलं. अडकलेल्या लहरीचा दुसरा स्वर खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत जोरात असतो आणि पाव अंतरावर जवळजवळ नाहीसा होतो. मी १० फुटांच्या मधोमध बसत होते, म्हणजे नेमकी वाईट जागा. टेबल वळवून १२ फुटी भिंतीला लावलं आणि खुर्ची अशी घेतली की कान त्या भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर, म्हणजे १० फुटांच्या पावभागाजवळ येतील. धैवत बसला. पूर्ण नाही, कारण छताची उंची काही बदलता येत नाही. उरलेलं टेकाड इक्वलायझर एपीओ या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रॅमने छाटलं, ११८ पाशी अगदी अरुंद काप. १२ फुटांमुळे ९४ हर्ट्झवर, म्हणजे काळी एकच्या मंद्र मध्यमाजवळ, एक लहान उंचवटा आला, तोही छाटला. टेकाडं अशी छाटता येतात. खड्डे भरायच्या नादाला लागू नये. तिथे कितीही ताकद घातली तरी भिंती ती खाऊन टाकतात.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. ११५ हर्ट्झची लहर ३ मीटर लांब असते, ती ट्रेला दाद देत नाही. गोधडीलाही देत नाही, पण गोधडी वरच्या स्वरांवर छान काम करते. आजीच्या हातची जाड वाकळ मी खुर्चीच्या मागच्या भिंतीवर दांडीला अडकवली आहे. टाळी वाजवली की पूर्वी जो टणत्कार यायचा तो गेला आणि जवारी मऊ झाली.

स्पीकर थेट टेबलावर ठेवले की टेबलाचा पृष्ठभाग आवाज परतवतो आणि १६० ते २०० हर्ट्झच्या आसपास गळा जाड होतो. काही स्टुडिओ स्पीकरांच्या मागे खास यासाठीच बटण दिलेलं असतं. मी सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचे दोन खोके करून घेतले, आत वाळू भरली, वर रबराची चकती. ट्वीटर कानाच्या रेषेत आला. दोन स्पीकरांमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून डोक्यापर्यंतचं अंतर सारखं ठेवलं, तोंडं किंचित आत वळवली. एचएस ५ चं भोक मागे आहे, म्हणून भिंत जवळ असली की खालचे स्वर वाढतात. मागे रूम कंट्रोल नावाचं बटण आहे, त्यावर उणे २ डेसिबल केलं.

खरा तंबोरा आणि ध्वनिमुद्रित तंबोरा एकामागून एक ऐकायची परीक्षा मग घेतली. खर्ज खऱ्यात जास्त भरलेला आहे, त्यात शंका नाही. मांडीवरचा भोपळा अंगाला हलवतो, ते कुठलाही स्पीकर देणार नाही. पण जोडीच्या तारा, पंचमाची तार आणि जवारीतून उमलणारा गंधार इतका जवळ आला की शेजारच्या खोलीतून आईने विचारलं, "अहो, आज सकाळी सकाळी तंबोरा कसा काढलात?"

मागच्या आठवड्यात नाशिकहून धाकट्या भावाचा फोन आला. त्यालाही बाबांच्या कॅसेटी ऐकायच्या आहेत, हेच स्पीकर घेऊ का म्हणून विचारत होता. मी त्याच्याकडून खोलीची मापं मागवली. ११ बाय ११. मीटरमध्ये ३.३५, म्हणजे ५१ आणि १०२ हर्ट्झ, तेही दोन्ही दिशांनी. काळी एकचा मंद्र पंचम १०४. तंबोऱ्याची पहिलीच तार. प्रत्येक आवर्तनात ती घुमणार आणि बाकीच्या तिन्ही तारा तिच्याखाली दबणार. त्याला सांगितलं, पैसे खिशात ठेव, हॉलची लांबी-रुंदी-उंची मोजून पाठव, टेबल तिथे बसतंय का ते बघू आणि मग स्पीकरचं बोलू.